अण्णा, तुमचे उसने शब्द

अण्णा, मिरजगावच्या स्टँडसमोर तुमचा फ्लेक्स लागलाय. अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि नावाआधी ठळक लाल अक्षरात ‘डॉ.’. खाली निम्म्या गावाचे पासपोर्ट फोटो, शोकाकुल म्हणून. राजूला मी म्हटलं, "निदान ते ‘डॉ.’ तरी खोडायला सांग." तो म्हणाला, "ताई, माणूस गेला. आता तरी सोड." तुमचा मुलगा तुमच्यावरच गेलाय. जे दुरुस्त करायचं त्याच्यावर कापड टाकायचं आणि पुढं चालायचं.

मेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. असं म्हणणारे बहुतेक मेलेल्याच्या घरी जेवायला बसलेले नसतात. मी बसलेय. म्हणून तुमच्याशीच बोलते. जिवंतपणी तुम्ही माझं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नाहीत. आता मधेच "कल्पे, च्या टाक" म्हणता येणार नाही, एवढीच काय ती तुमच्या मरणानं केलेली सोय.

तुम्ही डॉक्टर नव्हतात. कंपाउंडरही नव्हतात. नगरच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होतात. बेडपॅन बदलायचात, स्ट्रेचर ढकलायचात आणि मोठे साहेब राउंडला आले की त्यांच्या मागं उभं राहून त्यांच्या तोंडचे शब्द वेचायचात. पॅन बदलण्यात कमीपणा नाही, मी स्वतः तेच करते आणि मान वर करून करते. कमीपणा तुम्हाला वाटला. म्हणून सलाईन लावायला शिकलात, तेवढ्या भांडवलावर गावी आलात आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून बसलात. बाहेर पाटी लावली नाहीत, तेवढी अक्कल होती. पाटी लोकांनी आपल्या तोंडानंच लावली.

तुमच्याकडं आजार तीनच. तरणा माणूस आला तर व्हायरल, बाई आली तर बीपी लो आणि म्हातारा आला तर गॅस. छातीवर हात ठेवून कुणी घामानं भिजलेला आला तरी गॅसच. उपायही ठरलेले, एक इंजेक्शन, लाल गोळ्या, आणि जास्तच कण्हत असेल तर खिळ्याला सलाईन. सुई टोचताना तुम्ही "डीप ब्रेथ" म्हणायचात. मराठीत "श्वास घ्या" म्हटलं असतं तर इंजेक्शन तेवढंच लागलं असतं, पण मग लोकांनी तुमच्या पाया कशाला पडायचं?

लहानपणी मला तुमचा अभिमान होता, हेही सांगून टाकते. बाजाराच्या दिवशी मी तुमचं बोट धरून चालले की माळवं विकणाऱ्या बायका डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. "डॉक्टर, पोरीला घ्या," म्हणत कुणी पेरू हातावर ठेवायचं. मला वाटायचं, सगळ्या गावाचं दुखणं आमच्या अण्णांच्या खिशात आहे. त्या पेरूंची चव अजून जिभेवर आहे, आणि आता ती आठवली की चीड येते.

आईला झालं तेव्हा मी सासरी काष्टीला होते आणि राजू चाकणला कंपनीत. काय झालं ते मला शेजारच्या सुमनकाकूंनी सांगितलं, तुम्ही नाही. सकाळची वेळ, आई भाकरी थापत होती. थापता थापता तिचा उजवा हात परातीतच पडून राहिला. तोंड एका अंगाला ओढलं गेलं. बोलायला गेली तर नुसती लाळ. सुमनकाकू ओरडत पुढच्या खोलीत आल्या, "भाऊजी, गाडी बघा, नगरला न्या हिला." आणि तुम्ही पेशंटच्या दंडाला कापूस चोळत म्हणालात, "काय घाबरायचं न्हाई. बीपी लो झालाय. एक बाटली लावतो, सांजच्यापत्तुर बोलायला लागंल."

बीपी मोजायचं मशिन तुमच्या टेबलावर पडलेलं होतं. ते तुम्ही आईला लावलंसुद्धा नाहीत. ते लोकांना दाखवायला होतं. घरच्या माणसाला काय दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा आई खाटेवर होती, डाव्या हातात सुई, वर रिकामी होत आलेली बाटली. तिनं मला बघितलं आणि तिच्या एकाच डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं. मी विचारलं, "अण्णा, हिला काय झालंय?" तुम्ही म्हणालात, "अशक्तपना. उभी ऱ्हाईल." मी तुमच्यावर विश्वास ठेवला. गाव ठेवायचं, मी तर पोटची पोर.

राजू आला आणि त्यानं भांडून गाडी केली, तेव्हा कुठं आपण नगरला गेलो. तिथंही तुम्ही खिशातून स्टेथोस्कोपची नळी बाहेर दिसेल अशी ठेवली होतीत. तिथल्या डॉक्टरांनी आईच्या पायाच्या तळव्यावर किल्लीनं रेघ ओढली, हात उचलून सोडला, तो धप्पकन पडला. मग त्यांचं लक्ष तुमच्या खिशाकडं गेलं. आपल्यातलाच माणूस समजून ते आमच्याकडं न बघता तुमच्याशीच बोलले, "हेमिप्लेजिया आहे, सोबत अफेजिया. विंडो तर कधीच गेली. तुम्ही स्वतः यातले असून एवढा उशीर केलात?"

"येस सर," तुम्ही म्हणालात. "येस सर, येस सर."

बाहेर बाकड्यावर आम्ही तुम्हाला घेरलं. काय म्हणाले?

"नसंला सूज हाय. उतरंल हळूहळू."

"आणि विंडो म्हणाले ते?" राजूनं विचारलं.

तुम्ही खिशातली नळी नीट केलीत. मग म्हणालात, "खिडकी. खिडकी उघडी ठेवायची हिच्या खोलीची. वारं लागलं पायजे."

आणि आम्ही ठेवली. अख्खा हिवाळा आईच्या उशाची खिडकी सताड उघडी होती. ती थंडीनं कुडकुडायची, डाव्या हातानं गोधडी ओढायची, आणि सुमनकाकू खिडकी लावायला गेल्या की तुम्ही त्यांच्यावर खेकसायचात, "नगरच्या डॉक्टरनी सांगितलंय!" अण्णा, त्या दिवशी तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं, की आमच्यासमोर मान खाली जाऊ नये म्हणून सुचेल ते बोललात? हे मी तुम्हाला कितीदा विचारलं. पहिलं खरं असेल तर तुम्ही अडाणी होतात. दुसरं असेल तर त्याला शब्द नाही, आणि मला बरेच शब्द येतात.

ते शब्द मला कुठून आले, त्याचीही गोष्ट तुमचीच आहे. नवऱ्याचं काम शुगर फॅक्टरीतलं, सीझनपुरतं. शिवाय आईला उचलायचं कसं, कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे मला धड येत नव्हतं. म्हणून पुढच्या वर्षी मी नगरला नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सला नाव घातलं. तुम्हाला आनंद झाला. मला भाबडीला वाटलं, मुलगी शिकतेय याचा.

आम्हाला शिकवायला एक बाई होत्या, जाड भिंगाच्या, कायम खडूनं माखलेल्या. पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्या बायका फळ्यावरचे शब्द बघून घाबरलो. त्या म्हणाल्या, "घाबरू नका गं. भेंडी चिरता ना? तसा शब्द चिरायचा. देठ वेगळं, शेंडा वेगळा, मधे राहतं ते शरीरातलं काहीतरी. शेंड्याला ‘आयटिस’ आलं की सूज. देठाला ‘हायपर’ आलं की जास्त, ‘हायपो’ आलं की कमी. ‘टॅकी’ म्हणजे पळतंय, ‘ब्रॅडी’ म्हणजे रेंगाळतंय. एवढं आलं की अर्धा दवाखाना आला." आम्ही रात्रीच्या स्वयंपाकाला भाज्या चिरता चिरता शब्द चिरायचो. गॅस्ट्रो, आयटिस. आर्थ्रो, आयटिस. माझ्या आयुष्यात कुणीतरी पहिल्यांदाच एखादी बंद वस्तू उघडून आत काय आहे ते दाखवत होतं.

सुट्टीला मिरजगावला आले की पायरीवर चप्पल निघायच्या आत तुमचा प्रश्न, "काय काय शिकली या खेपेला?" मी हौसेनं सांगायची. तुम्ही डोळे मिटून पुटपुटायचात. आणि दुसऱ्या दिवशी पडद्याआडून मला ऐकू यायचं.

"बाई, तुमाला कमरायटिस झालाय."

‘कमरायटिस’! ती बिचारी घाबरून विचारायची, "लई वाईट आस्तं का?" तुम्ही म्हणायचात, "येळंवर आलात म्हनून बरं." एकदा कोण्या मुलीला तिचा बाप घेऊन आला होता. तुम्ही तिची पापणी खाली ओढून बघितलीत आणि जाहीर केलंत, "हायपो हाय हिला." बाप जरा शिकलेला असावा. त्यानं विचारलं, "कशाचा हायपो?" तुम्ही एक क्षणही अडला नाहीत. "टोटल हायपो."

मी आत तोंडात पदर कोंबून हसले होते. तेव्हा मला ती गंमत वाटली. मी शिकलेला शब्द तुम्ही असा घालून मिरवायचात, जसा लग्नात शेजाऱ्याचा कोट मागून घालतात. बाह्या लांब होतायत, खांदे उतरलेत, पण फोटोत कुणाला कळतंय?

आणि मग एका दुपारी बाईंनी फळ्यावर ‘हेमिप्लेजिया’ लिहिलं.

मी तो शब्द ओळखला. नगरच्या त्या खोलीत ऐकलेला, आईचा हात धप्पकन पडला तेव्हाचा. बाईंनी खडूनं मधे रेघ मारली. "हेमी म्हणजे अर्धं. प्लेजिया म्हणजे लुळं पडणं. अर्धं अंग जातं. पक्षाघात." खाली लिहिलं ‘अफेजिया’. "सुरुवातीचा ‘अ’ म्हणजे नाही. फेजिया म्हणजे बोलणं. समजतं सगळं, पण शब्द येत नाहीत, किंवा भलतेच येतात." वर्ग लिहून घेत होता. मी नुसती बघत होते. आमच्या घरात वर्षभर ज्याला कधी ‘अशक्तपणा’, कधी ‘नसंची सूज’ म्हणत होतो, ते इथं फळ्यावर चिरून ठेवलेलं होतं.

वर्ग सुटल्यावर मी बाईंना गाठलं. "बाई, यात विंडो म्हणजे काय?"

"मेंदूच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली तर ती विरघळवायचं औषध असतं," त्या म्हणाल्या. "पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. तेवढ्या वेळाला विंडो म्हणतात. ती गेली की संपलं. का गं? घरात झालंय कुणाला?"

"नाही," मी म्हटलं. "सहज विचारलं."

त्याच संध्याकाळच्या एसटीनं मी मिरजगावला आले. तुमच्या खोलीत बाकावर दोन बायका आणि एक म्हातारा होता. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "अण्णा, विंडो म्हणजे खिडकी नसते."

"आत जा. पेशंट हायेत."

"पेशंट आहेत म्हणूनच सांगते. आईला पक्षाघात झाला होता. तुम्ही तिला दोन दिवस ग्लुकोजवर ठेवलंत. लगेच नगरला नेली असती तर औषध देता आलं असतं. ती बोललीच असती असं मी म्हणत नाही. पण तिला संधी मिळाली असती. ती तुम्ही मिळू दिली नाहीत."

म्हातारा उठून उभा राहिला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता तुम्ही चिडाल, नाहीतर रडाल. तुम्ही सिरिंज ट्रेमध्ये ठेवलीत आणि अगदी शांतपणे म्हणालात, "नाव कळलं तुला. बरं झालं. आता आत जा आन् तिला त्या नावानं हाक मार. बघ उठती का."

 म्हातारा पुन्हा बाकावर बसला. त्यानं बाही वर केली आणि तुम्ही त्याला इंजेक्शन दिलंत.

त्या वेळी सुचलं नाही ते आता सांगते. नाव कळलं की माणसं गाडी काढतात, अण्णा. नाव कळलं की बाटली लावून सांजेची वाट बघत बसत नाहीत. नावानं कुणी उठत नाही, पण नावामुळं माणूस वेळेत दारातून बाहेर पडतो. तुम्हाला शब्द हवे होते ते दाराला कडी घालायला. गुपचूप बसवायला. "टोटल हायपो" म्हटलं की समोरच्याची जीभ बंद होते, हे तुम्ही साहेबांच्या मागं उभं राहून शिकलात. दवाखान्यातून तेवढंच घेऊन आलात.

त्या दिवसानंतर मी तुम्हाला एकही शब्द सांगितला नाही. तुम्हीही विचारला नाहीत. जुन्याच शब्दांवर दुकान चालू ठेवलंत. एकदा तालुक्याहून चौकशी आली तेव्हा शटर ओढून बसलात आणि चौकशी सरली तसं वर केलंत. लोक शटर उघडायची वाट बघत पारावर बसून होते, हे मला राजूनं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. मला तुमच्यापेक्षा त्या लोकांचीच जास्त कीव आली.

आता तुमच्या दुसऱ्या बाजूबद्दल. तुम्ही आईचं सगळं केलंत. न्हाऊ घालणं, वेणी घालणं, भाकरी दुधात कुस्करून भरवणं. बाई ठेवू म्हटलं तर ठेवू दिली नाहीत. तिच्या पाठीला कधी जखम झाली नाही, आणि वॉर्डात काम करणाऱ्या बाईला विचारा त्याचा अर्थ काय असतो. आईकडं सगळ्या भाषेतून एकच शब्द उरला होता, ‘ताती’. भूक लागली तरी ताती, राग आला तरी ताती. आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही. तुम्ही मात्र पुढच्या खोलीतून ऐकून सांगायचात, "पापड आत घे म्हनती, आभाळ आलंय." मी आईकडं बघायची. ती मान हलवायची. कधी ती लांबलचक ताती-ताती करायची आणि तुम्ही हसून म्हणायचात, "व्हय व्हय, राजूच्या बायकूला सांगतो, पन तू भांडू नको." मी मुद्दाम तपासून बघितलं. आईला वेगळं काढून, हो-नाहीचे प्रश्न विचारून. तुम्ही दर वेळी बरोबर असायचात.

ते कसं जमायचं तुम्हाला, मला माहीत नाही. मी काम करते त्या दवाखान्यातल्या मॅडम ज्याला बोलण्याचा उपचार म्हणतात, चित्रं दाखवून, शब्द घोकून, ते मी आईवर करून बघितलं. ती माझ्या हातातली चित्रं उलटी करून ठेवायची. पण त्याबद्दल तुम्हाला हार घालू? ज्यानं घर पेटवलं तोच पुढं आयुष्यभर राख सावडत बसला, तर त्याचे उपकार मानायचे का? मानावेसे वाटतात कधी कधी, आणि मग माझाच मला राग येतो.

गेल्या नाताळला आपलं शेवटचं भांडण झालं. चर्चहून आलो होतो, तुम्ही आईला करंजी भरवत होतात, थोडी थोडी मोडून. मी म्हटलं, "एवढं प्रेम आहे तर एकदा तिला खरं सांगा. तिला अजून वाटतं तिला अशक्तपणा झालाय."

तुम्ही तिचं तोंड पुसलंत. मला खुणेनं बाहेर ओसरीवर नेलंत आणि म्हणालात, "सांगितलंय मी तिला. समदं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"माजं चुकलं म्हनून. मला कळलं न्हाई म्हनून."

"कधी?"

"झाली लई वर्सं."

"मग ती काय म्हणाली?"

"ते आमच्या दोघांतलं हाय," तुम्ही म्हणालात आणि आत निघून गेलात.

मी विश्वास ठेवला नाही. जन्मात तुम्ही कधी "मला कळलं नाही" म्हणाला नव्हतात. तुमच्या पोतडीतली ही आणखी एक लाल गोळी, असंच मला वाटलं. राजूच्या बायकोला मी तसं बोलूनही दाखवलं.

आणि मग तुमची सकाळ आली. मी नगरला दवाखान्यात ड्युटीवर होते, चादरी बदलत होते. राजूचा फोन. आता तो गावीच टेम्पो चालवतो. "ताई, अण्णांच्या छातीत दुखतंय. सोडा प्याले. म्हणतात गॅस हाय, पण घाम लई सुटलाय." मी म्हटलं, "टेम्पो काढ, नगरला आण त्यांना. आधी फोन त्यांना दे."

तुमचा आवाज बारीक येत होता. मी विचारलं, "दुखणं हातात उतरतंय का? जबड्यात?" माझी खात्री होती, तुम्ही म्हणणार, मला शिकवू नको.

तुम्ही म्हणालात, "उतरतंय." मग हळूच, "कल्पे, ह्ये ते हाय ना? तू शिकलीस ते... मायोकार्डियल?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही एक शब्द बरोबर जागी ठेवलात. आणि पहिल्यांदा तुम्ही सांगितलं नाहीत, विचारलंत.

मला सगळं माहीत होतं, हा हार्ट अटॅकच होता. माझ्या जिभेवर तो शब्द पुरा तयार होता, देठासकट, शेंड्यासकट. मी म्हटलं, "नाही अण्णा. गॅस असेल. घाबरू नका, राजू आणतोय तुम्हाला."

 मग तुम्ही हसलात की काय, नक्की कळलं नाही. म्हणालात, "चांगली शिकलीस."

राजूला फोन परत घ्यायला लावून मी बाकीचं सांगितलं. तुमच्या कपाटातली ॲस्पिरिन चावायला द्यायला, चालवू नको म्हणायला, कुठंही थांबू नको म्हणायला. मग स्ट्रेचर घेऊन दारात उभी राहिले. राजूचा टेम्पो आला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच मी स्ट्रेचरचा ब्रेक लावला. घाई संपली होती. वाटेतच, रुईछत्तिशीच्या अलीकडं, तुम्ही गेला होतात.

त्या शेवटच्या दोन शब्दांत तुम्ही मला शाबासकी दिलीत की टोमणा मारलात, हेही तुम्ही तसंच सोडलंत. माझ्या खोट्याचा मला पश्चात्ताप नाही. मी गाडी काढायला लावून खोटं बोलले. तुम्ही गाडी थांबवून बोलायचात. या फरकावर मी अजून ठाम आहे.

स्मरणाच्या उपासनेला चर्च भरून गेलं होतं. हिंदू, मुसलमान, सगळे आलेले. पाळकसाहेब म्हणाले, बंधू सुधाकर यांना प्रभूनं आरोग्यदानाची सेवा सोपवली होती. मला प्रभूची दया आली. एक आजोबा उठून रडत म्हणाले, "माजा नातू डॉक्टरनी वाचिवला." त्या नातवाला ताप होता, अण्णा, तो आला होता तसा जाणारच होता. जे आपोआप बरे झाले ते तुमचे साक्षीदार. जे झाले नाहीत ते बोलायला आले नाहीत. राजूनं मला डोळ्यांनी विनवलं, आणि मी गप्प बसले. तुमच्यासाठी नव्हे. आई पुढच्या रांगेत व्हीलचेअरवर होती.

आता ती माझ्याकडं नगरला असते. पहिले काही दिवस फार वाईट गेले. ती ताती म्हणायची, मी पाणी द्यायची. ती ग्लास ढकलायची. मी पॅन आणायची, पंखा लावायची, पंखा बंद करायची. ती चिडून डाव्या हातानं खाटेवर बुक्क्या मारायची. मला दुखण्याचं नाव येत होतं. तिला दूध हवंय की चहा, हे त्या नावात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

काल दुपारी ती जरा निवांत होती. मी तिच्या केसांना तेल लावत होते. का कोण जाणे, मी समोर येऊन बसले आणि विचारलं, "आई, तुला तेव्हा अशक्तपणा नव्हता झाला. पक्षाघात होता. लगेच नगरला न्यायला पाहिजे होतं, अण्णांनी नेलं नाही. हे त्यांनी तुला कधी सांगितलं होतं?"

 तिनं मान हलवली. हो.

दवाखान्यात आम्ही अशा पेशंटला एकदा विचारून थांबत नाही, प्रश्न उलटा करून परत विचारतो. मी म्हटलं, "म्हणजे त्यांनी सांगितलंच नव्हतं ना?" तिनं जोरात नाही म्हणून मान हलवली. मी मतिमंद असल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

म्हणजे सांगितलं होतं तुम्ही.

"मग तू काय म्हणालीस त्यांना?" मी विचारलं. विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय विचारलं.

पण आई सांगायला लागली. ताती, ताती-ताती. हळू सुरू झाली, मग आवाज चढला. डावा हात हवेत उठला, पडला, छातीवर आला. मधे ती थांबली, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा बोलू लागली. एकदा तिचे डोळे भरले. एकदा तोंडाच्या हलणाऱ्या बाजूनं ती हसली, चांगली खुदकन. पुष्कळ वेळ बोलली. शेवटी एक छोटंसं, ठाम ताती म्हणून ती थांबली आणि कळलं का म्हणून माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी म्हटलं, "हो आई."

ती समाधानानं उशीला टेकली. मला एक अक्षर कळलं नव्हतं, अण्णा. तिनं तुम्हाला माफ केलं होतं की तुमचा उद्धार केला होता, ते ती जीव तोडून सांगत होती, आणि ते ऐकू येणारा माणूस आम्ही पुरून आलो होतो.